आडव्या मामाची पाहणी

जनावरांचा बाजार बंद झाला आणि मामाच्या जिभेला गंज चढायला लागला.

खुरकुतीची साथ आली होती. जनावरांच्या तोंडाला फोड, खुरांत जखमा. बाजाराच्या फाटकाला हे भलंमोठं कुलूप लागलं, आणि साथ ओसरेपर्यंत कुणी जनावर आणायचं नाही अशी दवंडी झाली. मामा धंद्यानं दलाल. विकणारा एका बाजूला, घेणारा दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनाही आपलाच वाटणारा मामा मधे. शेत नाही, दुकान नाही. भांडवल काय ते जीभ. त्या जिभेवरून गेली की म्हातारी म्हैस 'जाणती' व्हायची, लाथाळ गाय 'पाणीदार' व्हायची आणि मारका बैल 'घराला राखण' व्हायचा.

आता एवढी तेलपाणी केलेली जीभ घरी बसवून करायचं काय? मग तो भाच्यांशीच घासाघीस करायचा.

"दोन घास अजून खा."

"एक," धाकटी म्हणायची.

"दीड."

"अर्धा."

"तू खाली कुठं चाललीस? गिऱ्हाइकानं वर चढायचं असतं!"

भाच्या दोन. थोरली अकरा वर्षांची, धाकटी सहाची. मामाची बहीण तापाचं निमित्त होऊन गेली, आणि मेहुणा कामासाठी म्हणून लांब गेला तो लांबचाच झाला. एका सकाळी दोन्ही पोरी एक पत्र्याची पेटी घेऊन मामाच्या दारात उभ्या राहिल्या. तोवर मामा हा नुसता नावाचा मामा होता. सगळं गाव त्याला मामा म्हणायचं, पण भाचरं अशी अंगावर कधी पडली नव्हती. लग्न त्यानं केलं नव्हतं. मुलगी बघायला गेला की तिथंही घासाघीस करायचा, आणि मुलीचा बाप त्याच्या हातात पाण्याचा पेला देऊन वाट दाखवायचा.

पण पोरी आल्या आणि मामा बदलला. धाकटी झोपताना त्याच्या सदऱ्याचं टोक मुठीत धरायची. ते टोक सोडवायचं नाही म्हणून तो रात्रभर एका कुशीवर पडून राहायचा.

बाजार बंद म्हणजे कमाई बंद. मामानं कुदळ घेतली आणि मळेवालीच्या रानात बटाटे काढायला गेला.

मळेवाली गावाबाहेरच्या मोठ्या मळ्याची मालकीण. आवाज असा की बांधावरून बोलली तर पाखरं उडावीत. मागच्या हंगामात मामानंच तिला एक बैल घेऊन दिला होता. बैल दिसायला देखणा, चालीला डौलदार; फक्त वाटेल तिथं बसायचा. गाडी ओढता ओढता रस्त्याच्या मधोमध बसायचा आणि रवंथ करत जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे बघायचा.

"या, या!" मामाला कुदळ घेऊन आलेला बघून मळेवालीचा चेहरा उजळला. "काय म्हणाला होतास तेव्हा? 'मालकीणबाई, शांत स्वभावाचा आहे.' इतका शांत बैल मी जन्मात बघितला नाही. आता एवढंच कर. बैल बसतो, तू बसू नकोस."

सगळं रान हसलं. मामाही हसला, कारण हसण्यावाचून दुसरं काही हातात नव्हतं.

बटाटा काढायचा म्हणजे माणसाचा चिमटा होतो. सरीच्या कडेनं कुदळ घालायची, बेतानं. जरा जोरात गेली तर बटाटा चिरतो आणि मळेवालीला तो बरोबर दिसतो. मग माती उलटायची, वाकायचं, वेचायचं, टोपलीत टाकायचं, टोपली भरली की डोक्यावर घेऊन ढिगापर्यंत जायचं. पन्नाशी ओलांडलेली कंबर, तीही आयुष्यभर फक्त पारावर टेकलेली. पहिल्या दिवशी ती कुरकुरली. दुसऱ्या दिवशी बोंबलली. पुढं पुढं तर मामा वाकला की सरळ व्हायला कुदळीचा दांडा लागायचा, आणि सरळ झाला की परत वाकायला हिंमत लागायची.

थोरलीनं हे बघितलं आणि कुणाला काही न विचारता आपला बंदोबस्त केला. सकाळी स्वयंपाक, धाकटीची वेणी, मामाच्या कंबरेला गरम विटेचा शेक. मग शाळेत जायची, आणि मधल्या सुट्टीत दप्तर घेऊन थेट मळ्यात यायची.

"शाळा?" मामानं पहिल्यांदा विचारलं.

"आज लवकर सुटली. तू झाडाखाली पड. मी दोन सऱ्या वेचते."

शाळा रोजच लवकर सुटायला लागली. मामा काही खुळा नव्हता. पण झाडाखाली पडलं की कंबरेतली कळ अशी उतरायची, अशी उतरायची, की पुढचा प्रश्न विचारायच्या आत त्याचा डोळा लागायचा. आणि मळेवाली बांधावरून फक्त टोपल्या बघायची. टोपलीला लागलेले हात केवढे आहेत हे बघायला ती खाली कशाला उतरेल?

शाळेतल्या बाईंनी मात्र बघितलं. त्यांनी बालकल्याणच्या कचेरीत कळवलं, आणि कचेरीतून शेजारच्या लोहारकाकूच्या फोनवर निरोप आला. अख्ख्या आळीत फोनला कायम रेंज असायची ती तिच्याच भट्टीपाशी.

लोहारकाकू, नवऱ्यामागं स्वतः भट्टी चालवणारी, हातात सांडशी तशीच घेऊन आली. "मामा, कचेरीतली ताई येणार आहे उद्या. घराची पाहणी. पोरींना काय हवं-नको ते बघणार म्हणे."

मामाच्या तोंडचं पाणी पळालं.

कचेरीची पाहणी त्याला माहीत होती. पूर्वी एक तपासनीस यायचे. चपला काढायला नकोत म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहायचे, मान आत घालायचे, एकदा डावीकडे बघायचे, एकदा उजवीकडे, आणि निकाल द्यायचे. वेशीजवळच्या टोपल्या विणणाऱ्या म्हाताऱ्याची दोन नातवंडं त्यांनी 'घरात खाट नाही' म्हणून संस्थेत नेली होती. नातवंडं परत आणताना म्हाताऱ्याच्या चपला झिजल्या. आणि सावकाराच्या घरातला पोरगा, ज्याला बाप पट्ट्यानं फोडायचा, त्याच्या घरी तपासनीस चहा पिऊन 'उत्तम' म्हणून गेले होते. तिथं खाटा चार होत्या.

"काकू," मामा म्हणाला, "पोरींना नेतील."

"बघायला येतायत रे, न्यायला नाही."

"जनावर बघायला येणाऱ्याच्या खिशात दोरी असतेच. मला शिकवू नकोस, जन्म गेलाय माझा."

मग मामानं त्याला येत होतं ते सगळं केलं. गिऱ्हाईक यायच्या आधी जनावर कसं तयार करायचं हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? त्यानं दोघींना अंगणात घासूनपुसून आंघोळ घातली. केसांना इतकं तेल थापलं की धाकटीच्या कानामागून ओघळ आले. नखं कापली, आणि कापलेल्या नखांवरून सवयीनं अंगठा फिरवून बघितला. मग अंगणात चालवून बघितलं.

"मान वर. घाई नको. वळताना बिचकायचं नाही. धाकटे, तोंड मिटून हस, पुढचे दोन दात पडलेत, उगाच शंका नको."

"मामा, आम्ही शेळ्या आहोत का?" थोरलीनं विचारलं.

"शेळी असतीस तर काळजी नव्हती. एवढी चलाख शेळी कुणीही डोळे झाकून घेतली असती." मग तो जवळ आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ. मळ्याचं बोलायचं नाही. माझ्या कंबरेचं बोलायचं नाही. शाळेचं विचारलं तर बरी चाललीय म्हण."

"बरीच चाललीय," थोरली म्हणाली, आणि दुसरीकडे बघायला लागली.

राहिलं घर. लोहारकाकूनं भिंतीवरचं घड्याळ दिलं, नवी चादर दिली. खाट आणि कपाट मात्र मळेवालीकडेच होतं. मामा तिच्यापुढं उभा राहिला. आयुष्यात दुसऱ्यासाठी त्यानं खूप मागितलं होतं. स्वतःसाठी मागताना त्याची ती तेलपाणी केलेली जीभ टाळ्याला चिकटली.

"एका दिवसापुरती... लोखंडी खाट. आणि कपाट, असलं तर."

मळेवालीनं त्याच्याकडं नीट बघितलं. चेष्टा करायला तोंड उघडलं आणि मिटलं. "पोरींसाठी ना? उद्या सकाळी छकड्यातून आणते," ती म्हणाली. "पण छकड्याला बैल तोच आहे हां. तुझाच शांत स्वभावाचा."

झालं. सकाळी छकडा मामाच्या गल्लीच्या तोंडाशी आला, आणि बैलानं इकडंतिकडं बघितलं, त्याला जागा पसंत पडली, आणि तो बसला.

मळेवाली ओरडली. लोहारकाकूनं शेपटी पिरगाळली. मामानं बैलाच्या कानात त्याच गोड आवाजात काहीतरी सांगितलं, ज्या आवाजात त्यानं तो विकला होता. बैलानं डोळे अर्धे मिटले. आणि तेवढ्यात पलीकडून स्कूटरचा आवाज आला.

"आली!" थोरली कुजबुजली.

आता विचार करायला वेळ नव्हता. काकूनं आणि मळेवालीनं खाट उचलली आणि पळाल्या. मामानं छकड्यातलं कपाट मिठीत घेतलं, पाठीवर ओढलं, आणि दुडक्या चालीनं घरात शिरला. कपाट भिंतीला लावलं. वळला. आणि कंबरेत असा काही कडाका झाला की जणू आत कुणी सुकी काटकी मोडली. उसण भरली. मामा आधी गुडघ्यांवर आला, मग हातांवर, आणि मग हळूहळू, एखादी भिंत पावसात खचावी तसा, जमिनीवर उताणा झाला.

ताई दारात आली तेव्हा तिला जे दिसलं ते असं: तेलानं चमकणाऱ्या दोन मुली खाटेशेजारी ताठ उभ्या; खाटेवर चादर उलटी; कपाटाचं तोंड भिंतीकडे; आणि मधे जमिनीवर घरमालक, छताकडे बघत, दात दाखवून हसत.

"या ना, ताई," घरमालक जमिनीवरून म्हणाला. "बसा. खाट आमचीच आहे."

ताई तरुण होती. खांद्याला भलीमोठी पिशवी आणि स्कूटरनं विस्कटलेले केस. तिनं उंबऱ्यापाशी चपला काढल्या आणि आत येऊन मामाशेजारी उकिडवी बसली. "मामा, काय झालं? डॉक्टरला बोलावू?"

"छे! मला असंच पडायची सवय आहे. गार वाटतं."

"तो रोज पडतो," धाकटी म्हणाली.

"दुपारचा," मामा घाईनं म्हणाला. "रोज दुपारचा. आरामशीर घर आहे आमचं. धाकटे, जरा चालून दाखव ताईंना."

ताईनं पिशवीतून टॅब काढला, परत ठेवला, आणि फोन लावला. ही पाहणीची नवी पद्धत कचेरीत नुकतीच आली होती आणि तिला अजून अडायला व्हायचं. अडलं की विचारायला एक अनुभवी मॅडम नेमून दिलेल्या होत्या. फोन हातात धरून ती दारापाशी गेली, पण मॅडमचा आवाज मळेवालीच्या तोडीचा निघाला. सगळ्यांनी ऐकलं.

"मॅडम, मुलं सांभाळणारे मामा जमिनीवर आडवे आहेत. उठता येत नाहीय. पुन्हा कधी येऊ का?"

"शुद्धीत आहेत?"

"हो. जास्तच."

"पाय हलतात? बोटं हलवून बघायला सांग. हलतात ना? मग डॉक्टरला निरोप दे आणि डॉक्टर येईस्तोवर विचार. आडवा माणूस सोंग कमी करतो. आणि घाई करू नकोस. आकडा नंतर. आधी प्रत्येक गोष्टीला विचार, कशावरून."

डॉक्टर दुसऱ्या गावाला गेलेले. उद्या येतील म्हणून कळलं. मग लोहारकाकूनं मामाच्या गुडघ्यांखाली उशी सरकवली, आणि पाहणी सुरू झाली.

"बघा मामा," ताई म्हणाली, "मी खाणं, झोप, शाळा, तब्येत, सगळं विचारणार. प्रत्येकाला एक आकडा. काळजीचं काही नसेल तर शून्य. लक्ष ठेवायला हवं तर एक. काहीतरी करायला हवं तर दोन. लगेच करायला हवं तर तीन. तर पहिलं, मुलींचं खाणं..."

"शून्य."

"मी विचारलं नाही अजून."

"विचारा. शून्यच आहे. कोरं करकरीत."

खाण्याला खरंच शून्य आला. घरात धान्य होतं आणि पोरी गुटगुटीत होत्या. मामाचा धीर वाढला.

"झोप?"

"शून्य."

"कशावरून?"

मामा दचकला. बाजारात दलाल ज्या एका शब्दाला भितात तो हाच. "कशावरून म्हणजे... मेल्यासारख्या झोपतात."

"धाकटी रात्री दचकून उठते का?"

"तिला आई दिसते," थोरली म्हणाली. "पण लगेच झोपते. मामाचा सदरा धरून."

"मग एक लिहिते. लक्ष ठेवायचं."

"एक फार होतो, ताई," मामा कळवळला. "अर्धा लावा."

"अर्धा नसतो मामा."

"कसला हो माल तुमचा, अर्धासुद्धा मिळत नाही! बरं, एक लावा, पण मग पुढच्यात सूट द्या."

मळेवाली तोंडाला पदर लावून हसत होती. ताईलाही हसू आलं, पण तिनं ते गिळलं आणि एक लिहिला. खेळ, शून्य. मैत्रिणी, शून्य. धाकटीचे दात, "ते वयानं पडलेत, मामा, त्याला काही लिहायचं नसतं." मामा रंगात आला. महिनोन्‌महिने असा सौदा झाला नव्हता. कंबर मोडलेली, पण जीभ धावत होती.

"थोरलीची शाळा?"

"शून्य!" मामा म्हणाला. जरा जोरातच.

"कशावरून?"

मळेवालीनं पदर खाली केला आणि दाराबाहेर बघायला लागली. थोरली म्हणाली, "बरी चाललीय." तेलाचा एक ओघळ तिच्या कपाळावरून खाली आला आणि तिनं तो पुसला नाही.

ताईनं टॅब बाजूला ठेवला. पिशवीतून तिनं एक कापड काढून जमिनीवर पसरलं. कापडावर रंगानं एक घर काढलेलं, अंगण, रस्ता, शाळा, झाडं. आणि मूठभर लाकडी माणसं, काही मोठी, काही छोटी. "धाकटे, खेळायचं का? तुमच्या घरातली माणसं ठेव बघू. कोण कुठं असतं?"

धाकटी मांडी घालून बसली. गंभीर चेहऱ्यानं तिनं माणसं निवडली. एक छोटं माणूस घराच्या मधोमध ठेवलं. दुसरं छोटं माणूस त्याच्या शेजारी. मग सगळ्यांत मोठं माणूस घेऊन ते चुलीपाशी ठेवलं, तिथून उचलून झाडांत ठेवलं, परत चुलीपाशी आणलं.

"हे मोठं कोण? मामा का?" ताईनं विचारलं.

"नाही. ती अक्का."

"आणि मामा कुठंय?"

धाकटीनं मधलं छोटं माणूस आडवं केलं. "हा मामा."

"मामा छोटा?"

"हो ना. त्याला अक्का उठवते. कंबर शेकते. मग जेव म्हणते. मग त्याच्या वाटचे बटाटे काढायला जाते." तिनं मोठं माणूस परत झाडांत नेलं. शाळेपाशी कुणीच नव्हतं. शाळेवरून तिनं बोट फिरवलं आणि म्हणाली, "इथं ठेवायला माणूस उरलं नाही."

"गप!" थोरली ओरडली. "काही बोलते ही! मला जमतं सगळं. मी काय लहान आहे? मला जमतं!" आणि एवढं म्हणून ती कपाटामागं गेली. कपाट आधीच भिंतीला टेकलेलं असल्यामुळं मागं जागा नव्हती. ती अर्धी आत, अर्धी बाहेर अशी उभी राहिली, आणि बाहेरचा अर्धा भाग हुंदके द्यायला लागला.

मामा छताकडे बघत होता. छताला एक कोळी होता, तो आपल्या कामात होता. मामानं आयुष्यभर दुसऱ्यांच्या जनावरांच्या खोडी झाकल्या होत्या. पण बाजारात एक नियम होता, आणि तो लबाडातला लबाड दलालही पाळायचा: विकणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं खोड सांगून दिलेलं जनावर परत येत नाही. त्यावर भांडण नाही, तंटा नाही. झाकलेली खोड मात्र छकडा होऊन तुमच्याच गल्लीच्या तोंडाशी येऊन बसते.

"ताई," तो म्हणाला. त्याचा बाजारी आवाज कुठंतरी गेला होता. "तीन लिहा."

"कशाला?"

"शाळेला. थोरली मधल्या सुट्टीनंतर शाळेत जात नाही. माझ्या सऱ्या वेचते. मला माहीत होतं. मी झोपायचो." "आणि खाट मालकीणबाईंची आहे. कपाटसुद्धा. घड्याळ काकूचं. आमची फक्त ती पत्र्याची पेटी. आता सांगा, केव्हा नेणार पोरींना?"

"कुठं नेणार?"

"तुमच्या संस्थेत. तीन झाले ना."

ताई त्याच्याकडे सरकली. "मामा, न्यायचं कोण बोललं? काय आणून द्यायचं ते कळावं म्हणून लिहितोय आम्ही. पूर्वी एकाला खाट दिसायची, दुसऱ्याला चूल दिसायची, ज्याला जे दिसेल तो निकाल. म्हणून तर आता हे आणलंय. सगळ्या घरांत तेच प्रश्न, आणि पोरांनाही विचारायचं." तिनं टॅब मांडीवर घेतला. "आता तुमचं."

"माझं काय?"

"सांभाळणाऱ्याचा पण भाग असतो. तब्येत?"

"शून्य," मामा सवयीनं म्हणाला, आणि खोलीतल्या सगळ्या बायका एकदम हसल्या. मळेवाली इतकी हसली की तिला खाटेवर बसावं लागलं. कपाटामागून सुद्धा एक हुंदका हसल्यासारखा आला.

"तीन," ताई म्हणाली. "विश्रांती?" "तीन," लोहारकाकू म्हणाली. "मदतीला कुणी?" मामानं छताच्या कोळ्याकडे बघितलं. "मदत मागता का कुणाला?" मामा कोळ्याचे पाय मोजायला लागला. ताईनं लिहिलं, बेरीज वगैरे काही न करता वर बघितलं आणि म्हणाली, "या घरात सगळ्यांत जास्त गरजा कुणाच्या निघाल्या माहितीय? तुमच्या."

"म्हणजे मलाच नेता की काय?" मामा घाबरून म्हणाला.

"उचलायला चार माणसं लागतील," मळेवाली म्हणाली. मग ती उठली, पदर सारखा केला, आणि कपाटाकडे तोंड करून, आयुष्यात पहिल्यांदाच हळू आवाजात बोलली, "पोरी, मला बांधावरून दिसत होतं. दिसत नव्हतं असं नाही. परत माझ्या रानात पाय ठेवलास तर तंगडी मोडीन. आणि मामा, बटाटे निवडायचं काम आहे गोदामात. बैठं. बरा झालास की ये."

ताईनं एकेक ठरवायला घेतलं. उद्या डॉक्टर. बाजार उघडेपर्यंत घरखर्चाला कचेरीची मदत. थोरलीचं राहिलेलं शाळेतल्या बाई भरून काढतील. कंबर धड होईपर्यंत दोन्ही वेळचा स्वयंपाक लोहारकाकू करील, हे काकूनं स्वतःच सांगितलं.

"नको," मामा म्हणाला. "एवढ्यांचे उपकार नको. डॉक्टर बाजार उघडल्यावर बघू. स्वयंपाक आम्ही करतो."

ताईनं समजावलं. काकूनं सांडशी दाखवली. मामा ढिम्म. मग थोरली कपाटामागून आली. नाक पुसलं, परकराला हात पुसले, आणि मामाच्या डोक्याशी येऊन उभी राहिली. तिथून तिचं तोंड त्याला उलटं दिसत होतं.

"डॉक्टर उद्या," ती म्हणाली.

"पुढच्या महिन्यात."

"उद्या."

"बरं, पुढच्या आठवड्यात."

"उद्या."

"अगं, तू पण थोडी सरक ना! असा सौदा असतो का?"

"मग राहू दे," थोरली म्हणाली. खुंटीवरचं दप्तर काढलं आणि दाराबाहेर चालायला लागली.

ही चाल मामाला तोंडपाठ होती. गिऱ्हाईक पाठ फिरवतं, चार पावलं जातं, आणि कान मात्र मागंच ठेवतं. अशा वेळी हाक मारायची नसते. हाक मारणारा बुडतो. हे त्यानं किती पोरगेल्या दलालांना शिकवलं होतं. त्यानं ओठ घट्ट मिटले. पावलं उंबऱ्यावरून गेली, अंगणातून गेली, भट्टीपाशी गेली. मग ऐकूच येईनात.

"थोरले!" मामा ओरडला. "उद्या! उद्या म्हणतोय ना मी!"

मग चौकटीतून तिचं डोकं आत आलं. "आणि काकूचं जेवण?"

"ते पण."

"कुदळ?"

"मालकीणबाई घेऊन जातील."

"ठरलं?"

मामानं पडल्या पडल्या हात वर केला. थोरलीनं आत येऊन त्यावर टाळी मारली, बाजारात मारतात तशी, कडक. मग ती बाहेर पळाली. पळता पळता तिनं रस्त्यात बसलेल्या बैलाला वळसा घातला. मधल्या सुट्टीनंतरचा पहिला तास अजून चुकला नव्हता.

"लुटलं मला कार्टीनं," मामा तळहात चोळत म्हणाला.

"एकच राहिलंय, मामा," ताई म्हणाली. "सगळ्या गरजा लिहून झाल्या की शेवटी घरातल्या चांगल्या गोष्टी पण लिहायच्या असतात. सांगा, तुमच्या घरात जमेची बाजू काय?"

मामानं मान वळवून बघितली. कंबरेत कळ आली. मान परत छताकडे गेली.

"ती पळत चाललीय बघा," तो म्हणाला. "मला इथून दिसत नाही. तुम्ही दारात उभ्या राहा आणि लिहा."